जवसाचं तेल

महापालिकेचं पत्र आलं, जावक क्रमांकासकट:
'माजी नगराध्यक्षा कै. जानकाबाई नाखवा
यांचे तैलचित्र, चार फूट बाय तीन,
सभागृहाच्या उत्तर भिंतीसाठी.
सोबत छायाचित्र जोडले आहे.'
छायाचित्र कुठल्याशा ओळखपत्रावरून मोठं केलेलं,
अर्ध्या नाकावर शिक्का,
जांभळा.

तैलचित्र.
हा शब्द मी पुन्हा वाचला.

आजोबांच्या आजोबांचा घाणा होता झिराडला.
बैल सहा दिवस फिरायचा,
सातव्या दिवशी उभा.
गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं
आणि विषय संपवला.
कुठले, कुणाचे, कुठल्या फुटक्या गलबतातून आलात,
फार कुणी खोदून विचारलं नाही.
तेल चांगलं होतं.

आता घाणा नाही.
टेबलावर जवसाच्या तेलाची बाटली आहे, दोनशे मिली,
आणि शुक्रवारी दिवेलागणीआधी मी ब्रश धुऊन ठेवते.
एवढीच इस्टेट.

जानकाबाईंना मी पाहिलंय.
मी सात वर्षांची, सायकलच्या दांडीवर.
बाबा पाणीखात्यात चावीवाले:
पहाटे चारला चेंदणी,
साडेचारला खारकर आळी,
मग उथळसर.
पाणी कुठे मुरतंय ते कळायला
त्यांच्याकडे एक लोखंडी सळई होती.
एक टोक पाइपावर,
दुसरं कानामागच्या हाडावर.

त्या पहाटे बाई एकट्याच आल्या.
गाडी नाही, शिपाई नाही,
काष्टा घट्ट, अंबाड्यात कालची अबोली.
"झिराडकर, शेवटच्या घराला थेंब नाय.
जातंय कुठं पानी?"
बाबांनी नुसती सळई पुढे केली.
बाईंनी रस्त्यावर गुडघा टेकला,
मान कलती केली, डोळे मिटले.
मला वाटलं, देवाचं करतायत.
बऱ्याच वेळाने म्हणाल्या,
"हाय की.
खाली कुनीतरी शेंगदाने भाजतंय."

बाबांचा एक अर्ज होता:
शनिवारी सुट्टी द्या, रविवारी भरून देतो.
त्यावर तीन साहेबांचं 'नामंजूर',
तीन वेगवेगळ्या शाईंत.
चौथी ओळ वाकड्या अक्षरांत, पेन्सिलीने:
'नळाला वार कळत नाही. मंजूर.'
तो कागद अजून आहे ट्रंकेत,
बाबांच्या सिसीथच्या घडीत.
पेन्सिल पुसट झालीय.
तीन शाया मात्र ठणठणीत.

म्हणून मी बाईंना खुर्ची दिली नाही.
शाल नाही, हार नाही, मागे मखमली पडदा नाही.
रस्ता दिला, ओला.
गालांना ओहोटीच्या खाडीचा रंग,
तो ट्यूबमध्ये मिळत नाही,
चार वेळा चुकून पाचव्यांदा मिळाला.
नाकावरचा शिक्का काढला.
आणि कान.
कानाला सहा दिवस लागले.
सातव्या दिवशी मी काही केलं नाही.
आठव्या दिवशी बघते तर तो तसाच ओला;
जवसाचं तेल घाई करत नाही,
त्याला निविदा, मुदत, काही समजत नाही.

समिती पाहायला आली.
पाच जण, माझ्या खोलीत मावेनात.
"मान वाकडी का?"
"डोळे मिटलेले? लोक म्हणतील, सभेत झोपल्यात."
"त्यात नवीन काय," एक जण हसला,
मग इतरांकडे बघून थांबला.
"हातात ते काय, काठी?"
सळई, मी म्हटलं.
"सळई काढा. डोळे उघडा.
लोकार्पण शनिवारी आहे."
शनिवारी मी नाही, मी म्हटलं.
त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं,
जणू चूक त्याची होती.

जिना उतरण्याचे आवाज.
शिपाई तेवढा मागे राहिला,
निवृत्तीला आलेला, फायली छातीशी धरलेला.
चित्रापाशी गेला, अगदी जवळ,
बाईंसारखीच मान कलती करून
हळूच विचारलं,
"गळती सापडली का मग?"

ओलं आहे अजून, मी म्हटलं,
हात लावू नका.